तिघरा ७३८ झालं हे कळलं, पण खालचं पाणी कोण मोजतंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर छापील स्वरूपात आमच्या ग्वाल्हेरला येत नाही, मोबाईलवर ई-पेपर वाचतो. गेल्या आठवड्यात धरणांच्या साठ्याचा तक्ता आला होता आणि त्याखाली दोन ओळी, की बहुतेक धरणं भरत आली, आता चिंता नाही. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल पण मधलं कापू नका, डोकं-शेपूट कापा.

मी लष्कर भागातला, चार पिढ्या इथेच. आमच्याकडे पावसाळा लागला की दूधवाल्यापासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, आमचं तिघरा धरण किती झालं? ७३४ झालं, ७३८ झालं, ७४० फूट म्हणजे फुल्ल. गेट उघडले की बायकामुलांना गाडीवर घालून लोक बघायला जातात, भुट्टे खातात, सेल्फी काढतात, मीपण जातो, खोटं कशाला बोलू. पण हे तिघरा एकदा फुटलेलं आहे हे त्या गर्दीतल्या शंभरातल्या पाच जणांनासुद्धा माहीत नसेल. १९१७चा ऑगस्ट, धरण जेमतेम बांधून झालेलं, आणि घात केला तो खालच्या पाण्याने. पायाचा वाळूचा खडक, त्याच्या थरांत पाणी शिरलं, पाया ढिला झाला आणि भिंत गेली. माझी आजी सांगायची की तिच्या सासूबाई 'तिघऱ्याच्या साली' असं वर्ष मोजायच्या, अमक्याचं लग्न तिघऱ्याच्या साली, तमका तिघऱ्यानंतर दोन वर्षांनी झाला. पुढे धरण परत उभं राहिलं. विश्वेश्वरय्यांचे ते आपोआप उघडणारे दरवाजे, जे आधी तुमच्या पुण्याजवळ खडकवासल्याला लागले, तेही तिघऱ्यावर आले. फार सुंदर डोकं लावलेलं काम आहे ते. पण दरवाजा वरच्या पाण्याला वाट देतो हो, खालून निघालेल्या पाण्याला कुठला दरवाजा?

म्हणून तक्त्यातला 'साठा ९२ टक्के' वाचून मला तरी काहीच कळत नाही.

आता मुख्य विषय. माझी नोकरी धरणावर नव्हती, खाणीवर होती. माती तपासायची लॅब आणि टेलिंग डॅमची मोजमापं एवढंच आयुष्यभर केलं. कुठली खाण, कुठलं राज्य हे मुद्दाम लिहीत नाही, तिथे अजून माझ्या ओळखीची माणसं कामाला आहेत. टेलिंग डॅम हा शब्द तुमच्या वाचकांनी ऐकला नसेल तर सांगतो. तांब्याचं खनिज घ्या, शंभर टन दगड फोडला तर त्यात तांबं असतं जेमतेम टनभर. दगड पिठासारखा दळतात, पाणी आणि केमिकल घालून फेसावर तांबं काढतात आणि राहिलेला नव्वदहून जास्त टन काला पाण्यासकट पाइपातून एका दरीत नेऊन सोडतात. दरीच्या तोंडाशी बांध. तो काला म्हणजे टेलिंग आणि तो बांध म्हणजे टेलिंग डॅम. साधं धरण एकदाच बांधून होतं, नारळ फुटतो, फोटो निघतो, संपलं. हा बांध मात्र खाण चालू आहे तोवर वाढतच असतो, वीस वर्षं, तीस वर्षं, आणि स्वस्तात वाढवायचा असेल तर कालच्या गाळावर आजचा बांध घालतात. म्हणजे दर वेळी बांध थोडा आत सरकतो, त्याचे पाय खालच्या गाळात. याला अपस्ट्रीम पद्धत म्हणतात. कोरड्या मुलखात, हळूहळू, चांगला निचरा ठेवून केली तर चालून जाते. आपल्याकडे चार महिन्यांत आभाळ फाटतं, तिथे मला ती कधीच पटली नाही. चिलीत १९६५च्या भूकंपात एल कोब्रेला असला बांध जाऊन दोनशेवर माणसं गेली आणि नंतर त्यांनी ही पद्धत बंदच केली, ब्राझीलने बंद केली ती २०१९मध्ये, का ते पुढे लिहितो.

सगळी गंमत गाळातल्या पाण्याची आहे. चौपाटीवर ओल्या वाळूत पाय थोपटून बघितलाय ना? आधी घट्ट वाटते, चारदा थोपटलं की पाणी वर येतं आणि पाय रुततो. तीच वाळू, फक्त दाण्यांमधलं पाणी जाऊ शकलं नाही म्हणून दाणे एकमेकांना टेकेनासे झाले. टेलिंगचा सैल भिजलेला गाळ असाच असतो, वर्षानुवर्षं जमीन असल्याचं सोंग करतो, वर गवत उगवतं, गाई चरतात, आणि मग काही सेकंदांत पातळ पिठल्यासारखा वाहायला लागतो. म्हणून आमच्या धंद्यात पहिला नियम असा की तळ्याचं पाणी बांधापासून लांब ठेवायचं. गाळ बांधाच्या माथ्यावरून ओळीने लावलेल्या छोट्या छोट्या नळांतून सोडायचा, जाड वाळू बांधापाशी बसते, बारीक चिखल लांब जातो, तळं मागे राहतं. मधल्या त्या वाळूच्या पट्ट्याला आम्ही बीच म्हणायचो. बीच रुंद असला की बांध कोरडा, बीच गेला की बांध भिजला. इतकं सोपं आहे आणि इतकंच रोज मोडलं जातं.

का मोडलं जातं तेही सांगतो, कारण हे रिपोर्टात कधी येत नाही. प्लांटला ते पाणी परत हवं असतं. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते म्हणून तळ्यात जास्त पाणी साठवून ठेवायची सवय लागते, ती सवय जूनमध्ये सुटत नाही. नळ बदलायला, म्हणजे गाळ सोडायची जागा फिरवायला, चार माणसं आणि एक दिवस लागतो, आणि चार माणसं त्या दिवशी प्लांटला हवी असतात. शिफ्ट इंचार्जचा हिशोब टनात होतो, तळ्याचा हिशोब कोणी विचारत नाही.

एका पावसाळ्यात माझ्या रजिस्टरमध्ये एका पिझोमीटरचं पाणी चढायला लागलं. पिझोमीटर म्हणजे फार काही नाही, बांधात उतरवलेली नळी, टेपला सेन्सर बांधून आत सोडायचा, पाण्याला लागला की बीप वाजतो, खोली लिहून घ्यायची. आठवड्यात चाळीस सेंटीमीटर चढलं, पुढच्या आठवड्यात आणखी साठ. मी रिपोर्ट दिला. उत्तर आलं की नळी खराब असेल, वरून पावसाचं पाणी शिरलं असेल, परत मोजा. असेलही, नळ्या खराब होतात, मी मोजलं परत, तेच आलं. मग एक दिवस सकाळी बांधाच्या पायथ्याचा चौकीदार, शाळेत न गेलेला माणूस, लॅबच्या दारात येऊन म्हणाला, साहब, नाली का पानी मटमैला आ रहा है. त्या नालीवर आम्ही व्ही-नॉच बसवला होता, पत्र्याला त्रिकोणी खाच, त्यातून पाझराचं पाणी किती येतं ते मोजायला. पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो, नितळ पाणी आलं तर भ्यायचं कारण नाही, पण गढूळ आलं म्हणजे ते पाणी आतून माती घेऊन येतंय, आत बीळ पडतंय. मी पायात स्लिपर होती तसाच पळालो. त्या दिवशी प्लांट थांबवला गेला, तळं पंपाने खाली घेतलं, पायथ्याला आधी वाळू मग खडी मग मोठा दगड असा उलटा फिल्टर घातला, म्हणजे पाणी येऊ दे पण माती येऊ द्यायची नाही. तीन दिवस झोप नाही. बांध वाचला. चौकीदाराला काय मिळालं विचाराल तर एक रेनकोट.

आणि रिपोर्टात 'नियमित निरीक्षणात आढळले' असं छापून आलं.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्या वाचकांना कशाला. अहो, तुमच्या वाचकांना पानशेत माहीत आहे. १२ जुलै १९६१, तेही मातीचं धरण, तेही अपुरं असताना पहिल्याच पावसाळ्यात भरू दिलं, पाणी सोडायच्या बोगद्याचं काम अर्धवट, माथा खचला, जवानांनी वाळूच्या गोण्या टाकल्या तरी नाही टिकलं, आणि खालचं खडकवासला घेऊन पुण्यात शिरलं. रत्नागिरीत २०१९च्या जुलैत तिवरे फुटलं, गावकरी आधीपासून गळतीची तक्रार करत होते आणि फुटल्यावर एका मंत्र्यांनी खेकड्यांवर ढकललं. खेकड्याने भोक पाडलं असेलही, मी नाही म्हणत नाही, मातीच्या बांधाला उंदीर, घुशी, खेकडे, झाडाची मुळं सगळेच वैरी असतात, म्हणूनच तर रोज फिरून बघायला माणूस ठेवायचा असतो! आमच्या मध्य प्रदेशातलं कारम धरण, धार जिल्ह्यात, २०२२च्या ऑगस्टमध्ये काम चालू असतानाच गळायला लागलं. अठरा गावं रातोरात रिकामी केली, फौज बोलावली, पोकलेनने बाजूने चर खोदून पाणी काढून दिलं आणि माणूस एकही गेला नाही. त्याचं कौतुक झालं पाहिजे, चर खोदणाऱ्या ऑपरेटरचं तर नक्कीच. तिघरा, पानशेत, कारम, तिन्हींना दगा झाला तो सुरुवातीचं पाणी चढतानाच. पहिल्यांदा पाणी चढतं तेव्हा बांधाची खरी परीक्षा होते, आणि टेलिंग डॅमचं दुखणं असं की तो दरवर्षी वाढतो, म्हणजे त्याचा दरवर्षीच पहिला पावसाळा.

सिंगरौलीची बातमी तुमच्याकडे आली होती का आठवत नाही. तिथे औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचे बांध, तीच टेलिंगची भावंडं, २०१९चा ऑगस्ट ते २०२०चा एप्रिल एवढ्यात तीनदा फुटले. सासनला एप्रिलमध्ये फुटला तेव्हा सहा जण राखेच्या चिखलात गेले. एप्रिलमध्ये, पाऊस नसताना.

बाहेरच्या देशांतलं तर विचारू नका. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो, २५ जानेवारी २०१९, शुक्रवार, दुपारच्या जेवणाची वेळ. लोखंडाच्या खाणीचा ८६ मीटर उंच बांध, २०१६पासून त्यात नवीन गाळ टाकणंही बंद होतं, म्हणजे लोकांच्या लेखी तो मेलेला बांध. कंपनीचं ऑफिस आणि कॅन्टीन बरोबर त्याच्या खाली. २७० माणसं गेली, सायरन वाजला नाही. बांध पक्का असल्याचं सर्टिफिकेट फाइलला होतं. नंतर तज्ज्ञांनी शोधलं तर भूकंप नाही, स्फोट नाही, आत पाणी तुंबलेलं, निचरा अपुरा, वरून वर्षानुवर्षं पाऊस मुरत होता आणि आतला गाळ हळूहळू सरकत सरकत एका क्षणी सुटला. दक्षिण आफ्रिकेत मेरीस्प्रायट, २२ फेब्रुवारी १९९४, एक संध्याकाळची जोराची सर, पन्नास मिलीमीटरच्या आसपास. आमच्याकडे एवढ्या पावसात शाळापण बंद करत नाहीत. पण तळं बांधाला येऊन टेकलेलं, वर मोकळी जागा नाही, पाणी माथ्यावरून गेलं, बांध कापला आणि खालच्या वस्तीत सतरा माणसं गेली. आणि कॅनडात माउंट पॉली, ऑगस्ट २०१४, तिथे तर आमचं तिघराच झालं. बांधाखाली जुन्या हिमनदीच्या तळ्याच्या चिकणमातीचा थर होता, पाया तपासताना तो निसटला, बांध उंच होत गेला, वजन वाढलं आणि थर सरकला. माणूस गेला नाही, पण सगळा गाळ खालच्या सरोवरात गेला. ९७ वर्षांनंतर, एवढी कॉम्प्युटर मॉडेलं असताना, तीच चूक, पायाखाली काय आहे ते नीट बघितलं नाही.

पावसाचा हिशोब थोडा मांडतो, कंटाळा आला तर सोडून द्या. समजा दरीत दोन चौरस किलोमीटरचं पाणी उतरतं आणि एका दिवसात ३०० मिलीमीटर पडला, तर ते झालं सहा लाख घनमीटर. थोडं जिरेल, पण जमीन आधीच भिजलेली असली की फारसं नाही. तळं जर वीस हेक्टरचं असेल तर ते एका दिवसात तीन मीटर चढेल. बांधाच्या माथ्यापर्यंत मोकळी जागा, म्हणजे फ्रीबोर्ड, दोन मीटर ठेवलाय? मग संपलं. हेच डोंगरउताराला आधीच आडवे चर खणले, गारलँड ड्रेन म्हणतात त्याला, आणि तीन चतुर्थांश पाणी बाहेरून वळवलं तर तळं चढेल पाऊण मीटर. एवढा फरक एका चराने पडतो, पण तो चर दर मे महिन्यात साफ करावा लागतो, आणि साफसफाईचं टेंडर निघतं जूनच्या शेवटी. शिवाय सांडवा हवाच, खाण चालू असतानाही, फक्त शेवटी बांधू म्हणून चालत नाही. ३०० म्हणजे जास्त झालं असं कोणी म्हणालं तर त्याला २०२१चा ऑगस्ट आठवून द्या, सिंध नदीला असा पूर आला की दतियाकडे रतनगढचा, सेवढ्याचा पूल असे धडाधड गेले, आमच्या ओळखीतली माणसं शिवपुरीकडे छपरावर बसून होती. जुन्या पावसाच्या वहीवर काढलेले आकडे आता पुरत नाहीत हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

उपाय नाहीत असं नाही. गाळ दाबून पाणी काढून टाकायचं, घरात दही फडक्यात बांधून टांगतो ना तसं. दह्याचं पातेलं कलंडलं तर ओटाभर होतं, चक्का कलंडला तर जागच्या जागी बसतो. फिल्टर केलेली टेलिंग्ज अशी थापून रचता येतात, खर्च आणि वीज लागते पण पाणीही परत मिळतं. किंवा सिमेंट मिसळून गाळ परत खाणीच्या पोटात भरायचा, राजस्थानात जस्ताच्या भूमिगत खाणींत हे चालू आहे. सगळीकडे जमेल असं नाही, उघड्या खाणीला पोटच नसतं. पण जिथे जमतं तिथेही 'बघू पुढच्या फेजला' चालतं.

कायद्याचं म्हणाल तर २०२१चा डॅम सेफ्टी ॲक्ट चांगला आहे, पंधरा मीटरवरच्या धरणांना तपासणी, इमर्जन्सी प्लॅन वगैरे सगळं आहे, पण त्यातली धरणाची व्याख्या नदी-उपनदीवर पाणी अडवणाऱ्या किंवा वळवणाऱ्या बांधाची आहे. खाणीचा गाळ अडवणारा बांध त्यात बसतो की नाही यावर दोन वकील तीन मतं देतील. खाणींवर नजर ठेवणारी खाती वेगळी. जगात ऑगस्ट २०२०मध्ये टेलिंगसाठी एक जागतिक मानक आलं, त्यात कंपनीतल्या एका वरिष्ठ माणसाच्या नावावर जबाबदारी टाकायची, बांधाचा एक जबाबदार इंजिनियर नेमायचा आणि माहिती लोकांपुढे ठेवायची असं आहे. पण ते ज्याने स्वतःहून स्वीकारलं त्यालाच लागू. आपल्याकडे ते आकडे कंपनीच्या कपाटात. मी स्वतः वीस वर्षं त्या कपाटाला कुलूप लावलंय.

तर माझं म्हणणं एवढंच. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्य ऑफिस नागपुरात आहे, तुमचा वार्ताहर तिथे असणारच. त्याला एकदा पाठवा आणि विचारायला सांगा की विदर्भात, बालाघाटकडे, जिथे जिथे टेलिंगचे बांध आहेत त्यांचा फ्रीबोर्ड आज किती, बीच किती मीटर, पाझर लिटरमध्ये किती आणि नितळ की गढूळ, बांधाखाली किती घरं आहेत आणि त्या घरांतल्या लोकांना पळायची वाट कोणी दाखवली आहे का. बंद पडलेल्या खाणींचं तर आधी विचारा, तिथे चौकीदारही नसतो. उत्तर नाही मिळालं तर 'उत्तर मिळाले नाही' असं छापा, तेही चालेल.

आणि तो साठ्याचा तक्ता. त्यात पाझराचा एक कॉलम वाढवा, तिघरा असो की कोयना. जागा नाही म्हणाल तर 'गतवर्षी आजचा साठा' हा कॉलम काढा, तो तसाही कोणी वाचत नाही.

आपला,
एक निवृत्त मातीवाला
लष्कर, ग्वाल्हेर